दोन आटे

होस्टेलवर माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात रबरी पाइपचा एक वीतभर तुकडा पडलेला असतो. बाहेरून काळाभोर, जवळजवळ नवा. आतून मात्र त्याचं अस्तर सापाच्या कातीसारखं सुटून आलंय आणि एका बाजूने तो उभा फाटलाय. रूमवर येणारी प्रत्येकजण नाक मुरडून विचारते, "हे काय गं? डिझेलचा वास मारतोय!" मी म्हणते, "माझं मेकॅनिकलचं पहिलं सर्टिफिकेट आहे."

मराठी विभागासाठी लेख मागायला मुलं आली तेव्हा मी आधी हात वर केले. पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये. मराठी हा विषय पास होण्यापुरता. पण संपादक म्हणाले, "शुद्धलेखन आम्ही बघू, तू फक्त खरं काहीतरी लिही." आता खरं लिहायचं म्हटलं तर माझ्याकडे हा एकच तुकडा आहे. तेव्हा मंडळी, वाचा. कॉम्प्युटरवाल्यांनी घाबरू नये, गणितं नाहीत.

माझे मामा तिसगावच्या बाजूला राहतात. तीन एकर कोरडवाहू आणि एक पिकअप गाडी. शेतीपेक्षा घर चालतं ते पिकअपवर. कांदा, डाळिंब, कधी कडबा, लग्नसराईत मंडपाचं सामान, जे मिळेल ते भाडं. गाडी जुनी, डिझेलची. लॅपटॉप जोडून तिला काय दुखतंय हे विचारता येत नाही, तिचं तिलाच बोलावं लागतं.

या दिवाळीत मी मामांकडे गेले तेव्हा ती बोलत होती. मामा म्हणाले, "रिकामी असली की पळती. पण माल भरला अन् करंजी घाट लागला की वढंना. पार दुसऱ्या गिअरला येती. अन् मागून धूर बघ, काळा भुईकुट!"

एअर फिल्टर त्यांनी नवा टाकला होता. डिझेल फिल्टरही बदलला होता. दोन ठिकाणी दाखवलं. एकाने इंजिन खोलावं लागेल म्हणून सांगितलं, दुसऱ्याने टर्बोच बदला म्हणून. दोन्ही आकडे ऐकून मामा गाडी तशीच चालवत होते.

"तू तर आता इंजिनेर. तूच बघ," मामा म्हणाले. गंमतीने म्हणाले असतील. पण ओट्यावर चार शेजारी बसलेले, मामी चिवड्याची ताटली घेऊन उभी, आणि मी नुकतंच आय.सी. इंजिनमध्ये सत्तरच्या वर मार्क घेतलेले! मी बाह्या सरसावल्या.

आता टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. डिझेल जाळायला हवा लागते. इंजिन स्वतःच्या दमाने जेवढी हवा ओढतं तेवढीच ओढतं. दुसरीकडे सायलेन्सरमधून जो गरम धूर बाहेर फेकला जातो, त्यात इंधनाच्या शक्तीचा साधारण तिसरा हिस्सा वाया जात असतो. त्याच धुराच्या झोतावर एक छोटं चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र बसवायचं आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची, पेटंटचा अर्ज १९०५ सालचा. पुढे १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेत एक विमानाचं इंजिन पाइक्स पीक नावाच्या डोंगरावर, १४ हजार फुटांवर नेऊन चालवून दाखवलं. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन वरच्या विरळ हवेत २३० च्या आसपास आलं होतं, टर्बो लावल्यावर पुन्हा साडेतीनशेच्या वर गेलं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. त्याच्या अडीचपटीहून उंच जागी हा प्रयोग!

पण या चक्राला सोडलं मोकळं तर ते थांबत नाही. जास्त धूर, जास्त वेग, जास्त हवा, म्हणून आणखी जास्त डिझेल जळणार, आणखी धूर... लहान टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. म्हणून धुराच्या वाटेवर एक झडप ठेवलेली असते. दाबलेल्या हवेचा दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की ही झडप उघडते आणि काही धूर चक्राला बगल देऊन थेट सायलेन्सरकडे जातो. तिचं नाव वेस्टगेट. आणि तिला उघडणारी जी पत्र्याची डबी, तो ॲक्च्युएटर. डबीत एक रबरी पडदा आणि एक स्प्रिंग. दाबलेली हवा बारीक नळीतून डबीत येते, पडद्याला ढकलते, स्प्रिंग दबते, डबीतून निघालेला रॉड पुढे सरकतो आणि झडपेचा दांडा फिरवतो. बस, एवढंच यंत्र.

ओट्यावर बसून मी हे मामांना समजावत होते. "वेस्टगेट म्हणजे, मामा... एक्सेस एक्झॉस्ट गॅस बायपास करायला..." पुढे मराठी सुचेना. व्हायवात मी ही व्याख्या एका श्वासात म्हटली होती.

मामा म्हणाले, "म्हंजी सांडवा. मुळा धरणाचा असतो तसा. धरण फुटू नये म्हणून वरचं पाणी सोडून द्यायचं."

मी म्हटलं, "हो, तसंच." आणि मनात म्हटलं, बघा, किती सोपं केलं मी! (सोपं त्यांनी केलं होतं, पण तेव्हा हे लक्षात आलं नाही.)

माझं निदान पुढीलप्रमाणे. घाटात ओढ नाही, काळा धूर येतोय, म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. हवा कमी म्हणजे टर्बोचा दाब कमी. टर्बो तर शिट्टी मारतोय, म्हणजे फिरतोय. पाइप वाकून वाकून बघितले, सगळे बाहेरून ठणठणीत. मग राहिलं काय? डबीतली स्प्रिंग जुनी होऊन ढिली पडली असणार, सांडवा लवकर उघडतोय! उपाय पुस्तकात होता. रॉडच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर एक डोळा असतो, तो झडपेच्या पिनीत अडकतो. डोळा आत फिरवला की रॉड आखूड होतो. मग तो पिनीवर चढवायला ओढावा लागतो, म्हणजेच स्प्रिंगवर आधीच ताण बसतो. झडप उशिरा उघडते. दाब वाढतो.

मोजायला गेज नव्हता. मामीचं रक्तदाबाचं यंत्र तेवढं घरात होतं. मी हिशोब केला, ते ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातं, म्हणजे जेमतेम ०.४ बार. टर्बोच्या कामाचं नाही. हिशोब बरोबर होता, त्यावरून मी काढलेला निष्कर्ष मात्र असा की, गेज नाही तर मोजायचं कशाला!

लॉकनटवर कंपनीचा पिवळा रंग लावलेला होता. पाना लावला तसा तो टवका उडून पडला. पिनीची क्लिप काढली, डोळा उतरवला, दोन आटे आत फिरवला, ओढून परत पिनीत घातला, क्लिप लावली, नट कसला. वीस मिनिटांचं काम.

संध्याकाळी मामा गाडी घेऊन करंजीपर्यंत जाऊन आले. रिकामी नाही, मुद्दाम पंधरा गोण्या टाकून. उतरले तेच हसत. "पोरी, तिसऱ्यात चढली गं गाडी!"

त्या दिवशी आमच्या घरात जो कौतुकसोहळा झाला तो मी सांगत नाही. तिसगावातून पेढे आले. मामांनी निदान दहा जणांना फोन करून सांगितलं की आमच्या भाचीनं दोन आट्यात गाडी नीट केली, गॅरेजवाला टर्बो बदलायला लावत होता. मी हॉस्टेलला आले आणि रूममेट्सना ही कथा रंगवून सांगितली. त्यांना ती आठवत असेल, आज त्यांनी पुढचा भाग वाचावा.

बारा दिवसांनी मामीशी फोनवर बोलत होते. सहज विचारलं, "मामा कुठायत?" मामी म्हणाली, "गॅरेजला. गाडी तिथंच हाय ना चार दिवस." आणि गप्प झाली. मग माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मला कळली.

चाळीतला शेवटचा कांदा घेऊन मामा पहाटे तीनला निघाले होते, नेप्तीच्या बाजारात लिलावाला पोचायचं म्हणून. निम्म्या गोण्या त्यांच्या, निम्म्या शेजाऱ्याच्या. घाटाच्या मधल्या वळणावर गाडीखाली टायर फुटावा तसा मोठा आवाज झाला. गाडीचा दम एकदम गेला, आरशात काळ्या धुराशिवाय काही दिसेना. मागे उसाची दुहेरी ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर चढत होता. मामांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि उडी मारून मागच्या चाकांना दगड लावले. शेजाऱ्याचा मुलगा बॅटरी हलवत खाली पळाला, ट्रॅक्टरवाल्याने वेळेत बघितलं. नाही बघितलं असतं तर... असो. उजाडल्यावर गोण्या दुसऱ्या गाडीत भरल्या. बाजारात पोचले तोवर त्या दिवसाचे लिलाव उरकत आले होते.

"तुला सांगायचं न्हाई म्हणाले. परीक्षा हाय तुझी," मामी म्हणाली.

शनिवारी मी एसटीने नगरला गेले. (२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्याकडे बोलण्यात अजून नगरच येतं.) भिंगारच्या पुढे पाथर्डी रस्त्याला एका चाचांचं टर्बोचं छोटं गॅरेज आहे. जाताना मी एक शहाणपणा केला. मेट्रॉलॉजी लॅबमधून डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड मागून नेला. लॅब असिस्टंट सरांनी रजिस्टरवर दोन सह्या घेतल्या आणि विचारलं, "प्रोजेक्ट का?" मी म्हटलं, "नाही सर, रिपेअर." ते माझ्याकडे बघतच राहिले. सर, तेव्हा पूर्ण सांगितलं नाही, आता या लेखातून सांगते आहे.

गॅरेजमध्ये मामा बाकड्यावर चहा घेत होते. मला बघून दचकले. चाचा गाडीखाली होते. त्यांचा पहिला प्रश्न बाहेर आला तो असा:

"हा पिवळा पेंट कुणी तोडला?"

मामा काही बोलले नाहीत. चहाच्या ग्लासात बघत राहिले. मला कळलं की चार दिवस चाचा हाच प्रश्न विचारत असणार आणि मामा चार दिवस चहाच्या ग्लासात बघत असणार. दहा जणांना फोन करून सांगितलेलं माझं नाव त्यांनी इथे एकदाही घेतलं नव्हतं.

"मी तोडला," मी म्हटलं.

चाचा बाहेर आले. साठीचे असतील. मला खालपासून वर बघितलं. मला वाटलं आता पाणउतारा होणार. ते म्हणाले, "किती आटे?"

"दोन."

"मोजून, की अंदाजे?"

"आटे मोजून. दाब... नाही मोजला."

"मग बस इथं. आता मोजू."

पुढचे दोन तास मी जे शिकले ते नोट्स काढल्यासारखं लिहिते, कारण कुणाच्या तरी घरी टर्बोची गाडी असणारच.

पहिलं म्हणजे इंजिन थंड पाहिजे. दुसरं, डबीची नळी काढून तिथे हवा जोडायची, पण ती रेग्युलेटरमधून. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरमध्ये सात-आठ बार दाब असतो, तो थेट सोडला तर डबीतला पडदा जागेवर फाटेल. चाचा दीड बारच्या वर कधीच जात नाहीत. डबीजवळच एक छोटा गेज. मी डायल गेज रॉडच्या टोकाला टेकवून शून्यावर आणला. चाचा स्क्रू हळूहळू फिरवत होते, मी काटा वाचत होते. अर्धा बार, काही नाही. पाऊण, काही नाही. ०.९, काही नाही. एकच्या पुढे काटा थरथरला. १.१ बारला रॉड १ मिलिमीटर सरकला. दाब सोडला, काटा शून्यावर परत आला. असं तीनदा केलं, तिन्ही वेळा तोच आकडा. मग दाब भरून कॉक बंद केला आणि मिनिटभर थांबलो. गेज हलला नाही, म्हणजे पडदा शाबूत. शेवटी रॉड पिनीतून काढून झडपेचा दांडा बोटाने हलवून बघितला. काजळी धरून झडप अडकत असेल तर डबी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. तो मोकळा फिरत होता.

चाचांकडे एक वही आहे, तेलाने माखलेली. त्यात टर्बोच्या पाटीवरच्या नंबरपुढे आकडे लिहिलेले. प्रत्येक टर्बोचा आकडा वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. आमच्या नंबरपुढे लिहिलं होतं, ०.९ बार, १ मिलिमीटर.

"आता तुझे दोन आटे परत कर," चाचा म्हणाले. रॉडच्या आट्यांवर पिवळ्या रंगाची पुसट रेघ अजून होती, कंपनीने नट कुठे ठेवला होता ते सांगणारी. रॉडला पक्कड लावून घट्ट धरायचा आणि फक्त डोळा फिरवायचा. रॉड फिरला तर आतल्या पडद्याला पीळ पडतो. दिवाळीत मी रॉड धरला होता का? आठवत नाही. पडदा शाबूत निघाला हे माझं नशीब. मी रेघेपर्यंत डोळा आणला, पिनीत घातला, क्लिप, नट. पुन्हा हवा. पुन्हा काटा.

०.९ बार. १ मिलिमीटर. तीनदा.

मी गेजकडे बघत बसले. स्प्रिंग ढिली नव्हतीच. कंपनीने बसवली तेव्हा जशी होती तशीच होती. सांडवा अगदी वेळेवर उघडत होता. त्याचा काहीही गुन्हा नसताना मी त्याला शिक्षा केली होती, आणि हे सांगणारा एकमेव साक्षीदार, तो पिवळा रंग, तोही मीच उडवला होता. दिवाळीत हा आकडा हातात असता तर पाच मिनिटांत कळलं असतं की डबी ठीक आहे, दुसरीकडे शोधा.

"मग गाडी ओढत का नव्हती? आणि माझ्या दोन आट्यांनी ओढायला कशी लागली?" मी विचारलं.

चाचांनी कोपऱ्यातून तो पाइप आणला. टर्बोतून निघालेली हवा इंटरकूलरकडे नेणारा, त्या पहाटे फाटलेला. बाहेरून नवा. "आत बोट घाल," म्हणाले. घातलं. आतलं अस्तर सुटलेलं, फुगलेलं, मऊ झालेलं. टर्बोतून तेलाचा अंश हवेबरोबर येतो. वर्षानुवर्षं तो रबरात मुरतो आणि पाइपचे थर सुटतात. गाडी उभी असताना काही दिसत नाही. दाब आला की थरांच्या मधे हवा शिरते, अस्तर आतल्या बाजूला फुगतं आणि वाटच अरुंद होते. डबीची नळी टर्बोच्या अंगावरून निघते, म्हणजे या पाइपच्या अलीकडून. तिथे ०.९ भरला की ती इमानदारीने झडप उघडत होती. पण पाइपच्या पलीकडे, इंजिनाजवळ, तेवढा दाब पोचतच नव्हता. मी दोन आटे फिरवल्यावर अलीकडचा दाब वाढला, त्या रेट्याने थोडी जास्त हवा पलीकडे गेली आणि गाडी तिसऱ्यात चढली. तोच वाढलेला दाब बारा दिवस त्या कुजलेल्या पाइपवर बसत राहिला.

दिवाळीत मी पाइप "वाकून वाकून" बघितले होते. हाताने एकदाही दाबून बघितले नव्हते.

मामा इतका वेळ गप्प होते. आता म्हणाले, "म्हंजी पाटात गाळ व्हता. टेलच्या शेतात पाणी येईना म्हणून तू सांडवा वर उचलला. मग पाट फुटला."

आय.सी. इंजिनच्या कुठल्याही पुस्तकात हे इतक्या नीट लिहिलेलं मी वाचलेलं नाही. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना फक्त नीट समजून घ्यायचं होतं की त्या पहाटे आपल्या गाडीचं नेमकं काय झालं.

नवा पाइप टाकला. टर्बोचा दांडा चाचांनी बोटाने हलवून बघितला. आडवा किंचित हलतो, तेवढा चालतो, तिथे तेलाचा थर असतो. पण पुढे-मागे हलल्यासारखं बोटाला जाणवलं तर टर्बो गेला समजायचं. आमचा वाचला. पाइप फुटला की चक्रावरचा भार जातो आणि ते वेडंवाकडं पळतं, पण मामांनी लगेच इंजिन बंद केलं होतं. मग चाचांनी एक गेज टर्बोजवळ आणि एक इंजिनाजवळ लावून गाडी भरून रस्त्यावर काढली. दोन्ही आकड्यांत आता थोडाच फरक होता, इंटरकूलरमधून जाताना पडतो तेवढा. शेवटी लॉकनटवर त्यांनी बारीक ब्रशने रंगाचा ठिपका दिला. त्यांच्याकडे पिवळा नव्हता, लाल होता.

"हा तोडायचा असेल तर आधी आकडा लिहायचा. मग अर्धा-अर्धा आटा, आणि दर वेळी परत मोजायचं," चाचा म्हणाले. नवीन गाड्यांबद्दलही बजावलं. त्यात बऱ्याच डब्या दाबावर नाही तर व्हॅक्यूमवर चालतात, काहींना इलेक्ट्रिक मोटर असते, तिथे या गाडीचे नियम लावायला जाऊ नको.

पाइप, मजुरी, गाडी ओढून आणायचा खर्च आणि चार दिवसांची बुडालेली भाडी. बेरीज मी केली, मामांनी मला आकडा सांगितला नाही. गॅदरिंगच्या साडीसाठी मी साडेतीन हजार ठेवले होते, ते मामांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी घेतले नाहीत. मी हट्ट केला तेव्हा म्हणाले, "लईच वाटत असंल तर त्याचा तो काटा घे इकत. घरी ठिवू. पुढच्या वेळी मोजू."

पुढच्या वेळी! घाटात दगड लावायला उडी मारलेला माणूस अजून 'पुढच्या वेळी' म्हणत होता. गॅरेजच्या मागे जाऊन मी दोन मिनिटं तोंड धुतलं.

परत येताना एसटीच्या खिडकीत बसून मी विचार करत होते. नगरच्या पोरांना गाडीची तपासणी ही काही नवलाची गोष्ट नाही. व्हीआरडीई, संरक्षण खात्याची वाहनांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा, आमच्याच जिल्ह्यात. गाड्यांची चाचणी घेऊन त्या रस्त्यावर यायला योग्य आहेत की नाहीत हे तिथे ठरतं. लहानपणापासून आम्ही ते नाव ऐकतो आणि इंजिनिअर म्हणजे नवीन काहीतरी बनवणारा असंच समजतो. मला आपलं वाटत होतं की निदान डोक्यात होतं, हातात पाना घेणं ही फक्त औपचारिकता. खरं तर माझी थिअरी सगळी बरोबर होती. डोळा आत फिरवला की दाब वाढतो, वाढला. काळा धूर म्हणजे हवा कमी, कमीच होती. पेपरात लिहिलं असतं तर पूर्ण मार्क मिळाले असते. आणि गाडी ओढायला लागली तेव्हा तर मला पुरावाच मिळाला होता. बारा दिवस मी तो पुरावा सगळ्यांना दाखवत फिरले.

डायल गेज सोमवारी लॅबमध्ये जमा केला. रजिस्टरमध्ये 'कारण' या रकान्यात आधी मी 'रिपेअर' लिहिलं होतं. ते खोडून 'तपासणी' लिहिलं. सरांनी खाडाखोड का केली म्हणून विचारलं आणि तिसरी सही घेतली.

साडी घेतली नाही. गॅदरिंगला रूममेटची नेसले, ती माझ्यापेक्षा चार इंच उंच असल्याने दोनदा पायात आली. त्या पैशांत शून्य ते दोन बारचा एक गेज, छोटा रेग्युलेटर, नळीचे दोन-चार जोड आणि एक साधा डायल गेज एवढं बसलं. संक्रांतीला तो सगळा डबा मामांकडे नेला आणि मामांसमोर पिकअपला लावला. मामांनी स्वतः स्क्रू फिरवला, मी काटा वाचला. ०.९. मामांनी तो आकडा आणि तारीख डॅशबोर्डच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्केचपेनने लिहिली. मग मामांनी बॉनेटमधला प्रत्येक रबरी पाइप मुठीत धरून दाबला, एकेक करून, दूध काढण्याआधी गाईची कास चाचपतात तसा.

डबा आता होस्टेलवर माझ्या कपाटात आहे. सुट्टीत घरी जाताना कुणाला हवा असेल, कुणाच्या वडलांची, काकांची गाडी घाटात दम सोडत असेल, तर खुशाल न्या. फक्त माझ्या वहीत सही करावी लागेल, आणि पाना लावायच्या आधीचा आकडा परत येऊन मला सांगावा लागेल.